नारळ कुणी फोडायचा?

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात विषमज्वर उतरला, पण यज्ञेश्वर आण्णा काही उठले नाहीत. कचेरीतून नुकताच निवृत्त झालेला माणूस. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. "नारळाचं पाणी द्या, क्षार भरून निघतील. मग खोबऱ्याचं दूध. ताकद आली नाही तर मात्र कठीण आहे," असं सांगून डॉक्टर गेले. विमलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मंगळवार पेठेतल्या त्या घरात नारळ आला.

आला, पण फोडणार कोण? बायकांनी नारळ फोडायचा नसतो. विमलाबाई एक वेळ नवरा पणाला लावतील, पण रीत मोडणार नाहीत. मुलगा नृसिंह पुढं सरसावला, तर त्यांनी त्याच्या हातून नारळ हिसकावून घेतला.

"कालिंदीला सातवा लागलाय. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं नारळ फोडायचा असतो होय रे?"

"आई, हा औषधाचा आहे, देवाचा नव्हे."

"नारळाला काय ठाऊक?"

शेजारच्या केरबाला हाक मारली. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वैनी, चुलता गेलाय की आमचा. सुतक हाय. माझ्या हातनं फुटला आन आण्णांचं बरंवाईट झालं तर?"

वाद ऐकून गल्ली जमली. सल्ला प्रत्येकानं दिला, नारळ कुणी हातात घेतला नाही. आत आण्णांची जीभ टाळूला चिकटली होती. दोनदा ते "पाणी" म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांना राग आला. भिंत धरत, धापा टाकत ते न्हाणीच्या दगडापाशी आले. सुतक नसलेला आणि बायको पोटुशी नसलेला पुरुष घरात तेवढा एकच होता. दोन घाव फुकट गेले, मग नारळ फुटला आणि आण्णा खाली बसले.

पण फुटलेला नारळ देवाला दाखवल्याशिवाय कसा द्यायचा? आणि देवाला दाखवल्यावर जमलेल्यांना प्रसाद नाकारायचा कसा? पाणी पळीपळीनं गेलं, खोबरं तुकड्यातुकड्यानं. आण्णांच्या वाट्याला एक पळी आणि नखाएवढं खोबरं आलं.

"सुतकात चालतं का रे केरबा?" नृसिंहानं विचारलं.

"फोडाय चालत न्हाय. खायाला काय हुतंय?" केरबा चावत म्हणाला. "लई पौष्टिक बगा."

संध्याकाळी डॉक्टर आले. आण्णा न्हाणीपर्यंत आपल्या पायांनी गेले हे ऐकून ते खूश झाले.

"पाहिलंत? एका नारळाचा गुण! आता रोज एक."

विमलाबाई आनंदानं आण्णांच्या कानाशी वाकल्या.

"ऐकलंत ना? उद्या जरा लवकर उठा हं. लोकांना कामावर जायचं असतं."