ढगेभाऊंचं व्हिएतनामी सूप

आमच्या डोक्यावर राहणाऱ्या ढगेभाऊंच्या स्वयंपाकघरातून "रिजेक्ट!" अशी आरोळी आली, की मी हातातलं काम टाकून आधी आमच्या सिंकखाली बादली लावते. कारण पुढच्या क्षणी वाडगाभर व्हिएतनामी नूडल्स सूप त्यांच्या सिंकमध्ये ओतलं जाणार असतं आणि आमच्या दोन्ही घरांचा सांडपाण्याचा पाइप एकच आहे. एकदा पाइप तुंबला आणि तांदळाच्या त्या चपट्या नूडल्स आमच्या सिंकमधून वर आल्या. मी भांडी घासत होते. मी किंचाळले. वरच्या खिडकीतून भाऊंनी विचारलं, "ताई, चिकट झाल्यात का सुट्ट्या हायेत, बघा बरं जरा?"

मी या माणसावर चिडलेली आहे, हे आधीच सांगते. सोसायटीची सचिव म्हणून वेगळी, शेजारीण म्हणून वेगळी.

ढगेभाऊ मूळचे लातूरकडचे. महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. आलेला पार्ट तपासायचा आणि मापात नसेल तर लाल स्टिकर लावून बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. पण शिफ्ट संपली तरी त्यांचं काम संपत नाही. भाजीवाला, रिक्षावाला, लग्नातली जिलेबी, सगळं एकतर पास, नाहीतर रिजेक्ट. बायको फार लवकर गेली. मुलीला, पल्लवीला, त्यांनी एकट्यानं वाढवलं. म्हणजे ओरडून वाढवलं. ती इंजिनिअर झाली आणि तिच्या कंपनीनं तिला व्हिएतनामला पाठवलं.

गेल्या दिवाळीला ती रजेवर आली होती. एक दिवस ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, तिकडच्या सुपाची आठवण येतेय." झालं! भाऊंचा आवाज पार्किंगपर्यंत गेला. "बापाच्या हातची भाकरी नको झाली व्हय? मग राहा की तिकडंच!" पोरगी रजा संपायच्या आधीच निघून गेली. पुढं तिचे फोनही कमी झाले.

आता ती पुन्हा येणार होती. या खेपेला तिनं आपल्या घरात पोटभर जेवावं, एवढीच भाऊंची इच्छा. त्यासाठी त्यांनी अख्खी बिल्डिंग वेठीला धरली.

मी म्हटलं, "अहो, तिलाच विचारा ना, ते सूप कसं लागतं?"

"कामून विचारू? मी काय तिचा आचारी हाय?"

म्हणजे सूप तर करायचं, पण विचारायचं नाही. वाकडच्या एका मॉलमधून त्यांनी कोंबडीच्या चवीच्या सुपाची पाकिटं आणली. पहिलंच पाकीट फोडून, जाडी मोजायचं व्हर्नियर नूडल्सला लावलं आणि भडकले. "हे बघा! एक जाड, एक बारीक! कोण पास करतंय हा माल?" मग सुधारणा सुरू झाल्या. एका वेळी एकच बदल, हा कंपनीतला नियम. आज नुसतं आलं भाजून. मग आल्यासोबत कांदा. मग दालचिनी, मग चक्रीफूल. प्रत्येक वेळी एक वाटी माझ्याकडे यायची. मी म्हणायचे, चांगलं झालंय. ते म्हणायचे, "ताई, तुमच्या जिभेला काही कळत न्हाई," आणि वर जाऊन ओतून द्यायचे. मग दिवसभर बोळात भाजलेल्या कांद्याचा वास आणि माझ्या फोनवर बाकीच्यांच्या तक्रारी.

तरीही मी सहन केलं. पण एका संध्याकाळी दिवा लावायला दारातल्या तुळशीपाशी गेले, तर सगळे शेंडे खुडलेले. तशीच वर गेले.

"भाऊ, माझी तुळस कुणी खुडली?"

"मीच. पाकिटावरच्या चित्रात तसलीच पानं हायेत."

"कोंबडीच्या सुपात तुळस घातलीत?"

"चाचणीपुरती हो."

"आणि?"

"उग्र लागती. रिजेक्ट."

ज्या तुळशीला मी रोज हात जोडते, ती या माणसानं आधी खुडली, मग कोंबडीत टाकली आणि वर नापास केली! कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवटी ते नर्सरीतून सब्जाची दोन रोपं घेऊन आले. "ही पानं चालतात. एक तुम्हाला, एक मला." मी कुंडी ठेवून घेतली. राग सोडला नाही.

पल्लवी आली त्या दिवशी भाऊ मला बोलवायला आले. मी साफ नाही म्हटलं. ते दारातच घुटमळले. मग खाली बघत म्हणाले, "तुम्ही असलात की मी जरा आवरून राहतो."

मग मी गेले.

भाऊंनी तिच्यापुढं वाडगा ठेवला. मोड आलेले मूग, लिंबाची फोड, सब्जाची पानं, सगळं जागच्या जागी. स्वतः हातात डाव घेऊन उभे राहिले. पल्लवीनं एक घोट घेतला. पुन्हा एक घेतला.

"छान झालंय, बाबा. पण तिकडचं असं नसतं."

भाऊंच्या मानेची शीर तट्ट फुगली. ती शीर मी चांगली ओळखते. मी खुर्ची मागं सरकवली.

भाऊंनी डाव ओट्यावर ठेवला आणि तिच्यासमोर बसले.

"मग कसं असतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू कुठं खातीस, कुणासंगं खातीस... सांग की सगळं."

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "एकटीच खाते. खोलीच्या खाली एका काकूंची गाडी लागते. त्यांची भाषा मला कळत नाही. पण कामावरून यायला उशीर झाला की हातवारे करून ओरडतात माझ्यावर. वाडग्यात काही उरलं तरी ओरडतात." ती लिंबाच्या फोडीशी चाळा करत राहिली. "अगदी तुमच्यासारख्या. म्हणून रोज तिथंच जाते."



"गार झालं असंल," म्हणत भाऊंनी तिच्यापुढचा वाडगा उचलला आणि पातेल्यात ओतून गॅसवर ठेवला. आमच्याकडे पाठ करून ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. सूप वर आलं, उतू गेलं, शेगडीवर चरचरत सांडलं. भाऊ कुणावरच ओरडले नाहीत.