निळ्या ढगातलं सोनेरी कडं

"आज भिंत आपलीच!" खुर्चीत टेकता टेकता रंगारीने जाहीर केलं.

वेधशाळेत त्याला सगळे रंगारीच म्हणत. दुर्बीण आकाशाचे फोटो काढते ते काळेपांढरे. एक गंधकाच्या उजेडाचा, एक हायड्रोजनचा, एक ऑक्सिजनचा. त्यांना तांबडा, हिरवा, निळा रंग देऊन एकावर एक चढवणं हे त्याचं काम. आणि भिंत म्हणजे प्रवेशद्वारासमोरची. तिच्यावर कुणाचं चित्र लागणार ते संचालक आज ठरवणार होते. आजवर रंगारीचं एकही लागलं नव्हतं. देखणं केलं की संचालक म्हणत, "हे खरं आहे का?" खरं केलं की म्हणत, "हे बघणार कोण?"

"या खेपेला दोन्ही!" तो शेजारच्या चाळणीबाईंना म्हणाला. दुसऱ्याच्या कामातले खडे वेचणं हा बाईंचा हुद्दाही होता आणि छंदही.

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं हे सगळ्यात उदार वाक्य.

रंगारीने ऑक्सिजनच्या फोटोतला फिका उजेड ताणला. आणखी ताणला. चादर फाटेल इतका ताणला! आणि ताऱ्यांमधल्या वायूच्या त्या निळ्या ढगाच्या कोपऱ्यात उमटलं एक कडं. गोल, सोनेरी, कुठल्याच नकाशात नसलेलं!

"बाई! सापडलं!"

"काय हरवलं होतं?"

"मेलेल्या ताऱ्याचं वलय! नवंकोरं!"

बाई चष्मा पुसत उठेपर्यंत त्याने आईला फोन केला. आईने मावशीला सांगितलं, मावशीने पेपरात असलेल्या जावयाला. बाईंची दुसरी काच पुसून व्हायच्या आत संचालक धापा टाकत दारात हजर!

"माझ्या वेधशाळेत शोध लागतो आणि मला पेपरवाल्याकडून कळतं?"

पण कडं पाहिलं आणि साहेब लोण्यासारखे विरघळले. "अहाहा! नाव तुमचंच देऊ! भिंतही तुमची! बोलवा पत्रकारांना!"

"थांबा," चाळणीबाई म्हणाल्या. "सोनेरी काही उगवलेलं नाही तिथे. निळा तेवढा कमी पडलाय."

"म्हणजे वलयाने उजेड अडवलाय! केवढं दाट असेल!" रंगारीला खुर्चीत बसवेना.

"कालच्या दुसऱ्या ढगाचा फोटो काढा बरं."

काढला. त्याच कोपऱ्यात तसंच कडं.

"जुळं!" संचालक ओरडले.

तिसरा फोटो एका दीर्घिकेचा. तिथेही कडं!

"अहो, ही तर वसाहतच आहे!"

बाई दुर्बिणीकडे गेल्या. दुर्बिणीपुढे कोरा पांढरा पडदा लावून फोटो घ्यायचा, काचांवरची घाण त्यात दिसते, मग ती खऱ्या फोटोंतून काढून टाकायची, हा तिथला नेम. रंगारीने घाईघाईत पडद्याचा गेल्या महिन्याचाच फोटो वापरला होता. बाईंनी पडद्याचा ताजा फोटो आणून समोर ठेवला. पांढरंशुभ्र सगळं, आणि कोपऱ्यात कडं.

"पडद्यावरही तारा मेला वाटतं," त्या म्हणाल्या.

ऑक्सिजनचा फिल्टर, म्हणजे तेवढाच उजेड आत सोडणारी काच, काढून भिंगाखाली धरला. बाईंनी बराच वेळ निरखलं. "धूळ नाही ही. थेंब आहे, वाळलेला. परवा हा फिल्टर कुणी बसवला?"

"मी. पण अगदी स्वच्छ करून!"

"कशाने?"

"ते आपलं..." रंगारीचा आवाज एकदम खाली आला. "फुंकर मारून."

संचालक हळूच खुर्चीत बसले. मग पत्रकारांना कळवायला उठले. मग पुन्हा बसले.

रंगारीने थेंबाचा डाग वगळून चित्र नव्याने चढवलं. ढग खरा होता, निळा होता, देखणाही होता. बाईंनी एकही खडा काढला नाही! संचालकांनी मात्र मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

"छान आहे हो. पण कड्याची मजा नाही. भिंतीचं पुढच्या वर्षी बघू."

तेवढ्यात आईचा फोन. "अरे, सगळी बिल्डिंग पेढे मागतेय! काय म्हणाले साहेब?"

"आई, ते वलय नव्हतं गं. माझी थुंकी होती. काच फुंकताना उडाली."



"तरी मी म्हणत होते! वाढदिवसाला तू मेणबत्त्या विझवल्यास की त्या केकला कुणी हात लावायचं नाही!"