कितवी रे मी?

शालनकाकू कुणालाही 'बरा आहेस ना' असं विचारत नाहीत. दार उघडलं की आधी समोरच्याचा मोबाइल मागतात, त्यावर 'फॉल पिको नवी मुंबई' असं शोधायला लावतात आणि विचारतात, "कितवी रे मी?" मग पाणी. यातून सिलिंडरवालाही सुटलेला नाही. स्वतःच्या मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही. "तो मला रोज पहिलीच दाखवतो," त्या म्हणतात. "घरचा माणूस तो, माझ्याच बाजूने बोलणार."

खारघरला आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं घर. साड्यांना फॉल लावणं आणि पिको करणं हा त्यांचा उद्योग. मी बेलापूरला वेबसाइट बनवायच्या ऑफिसात. शेजारधर्म म्हणून त्यांना एक साइट करून दिली आणि आपण होऊन आफत ओढवून घेतली. कारण नंबर खाली गेला की काकूंना कारण लागतं, आणि ते मीच द्यायचं असतं.

मी सांगून पाहिलं की आपण काही केलं नाही तरी नंबर हलतो. दुसरे नवी माहिती टाकतात, लोक त्यांच्याकडे जास्त वळतात, आपलं पान शिळं होतं. शिवाय शोधून देणारी कंपनी मधूनच नियम बदलते आणि ते धड सांगत नाही. हे शेवटचं काकूंना लगेच पटलं. "म्हणजे माझी सासू," त्या म्हणाल्या.

मग उपाय सुरू झाले. फोटो जड आहे, म्हणून साइट हळू उघडते असं मी बोलून गेलो, तर काकूंनी रात्रीचा भात सोडला. फोटो त्यांचाच होता ना. साइट ताजी ठेवा म्हटल्यावर रोज वेगळी साडी नेसून फोटो काढायला लावू लागल्या. दुसऱ्यांच्या साइटवर आपलं नाव आलं की फायदा होतो, हे कळल्यावर त्यांनी तळमजल्यावरच्या प्लंबरला गाठलं. आजही त्याच्या साइटवर वाचायला मिळतं, 'सर्व प्रकारची गळती थांबवली जाईल. फॉल-पिकोसाठी शालनकाकू.' तरीही एकदा त्या घसरत घसरत सातव्या झाल्या. मी म्हणालो, काकू, फॉल लावता लावता तुमचाच फॉल झाला. त्यावर माझा चहा बरेच दिवस बंद होता.

एवढं करून त्या दुसऱ्यापर्यंत चढल्या, पण पहिला नंबर काही मिळेना. तिथे 'मंगल फॉल पिको' नावाची कामोठ्याची एक बाई ठाण मांडून बसली होती. काकू तिला 'सवत' म्हणायच्या. कधी भेट नाही, पाहणं नाही, पण सकाळी मशीनला तेल घालता घालता तिच्याशी भांडायच्या. आज काय नवीन टाकलंस, तुझा तो गुलाबी दोरा मला दाखवू नकोस, वगैरे. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे हे भांडण मला भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू यायचं.

आणि एका सकाळी काकू चक्क पहिल्या आल्या. मी पेढे मागितले. आपण असं काय केलं, असं त्यांनी विचारलं. खरं तर काहीच केलं नव्हतं. सवतीची साइटच बंद पडली होती, आणि पुढची बाजूला झाल्यावर मागची पुढे सरकणारच. त्या दिवशी काकूंच्या मशीनचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भांडणही नाही. मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

संध्याकाळी काकू लाडवांचा डबा घेऊन दारात उभ्या. "कामोठ्याला चल. ती बाई अशी सोडून जाणारी नाही. काहीतरी झालंय."

स्कूटरवर मागे बसून त्यांनीच रस्ता सांगितला. साइटवरचा पत्ता त्यांना पाठ होता. दार उघडलं ते काळा चष्मा लावलेल्या एका बाईंनी. काकू नाव सांगणार, तेवढ्यात त्या अगदी जवळ येऊन काकूंचा चेहरा निरखू लागल्या.

"खारघरच्या ना तुम्ही? मोबाइल डोळ्याशी धरून रोज बघायचे मी तुम्हाला. तुम्ही सातव्या झालात, तेव्हा मला चैन नव्हती."

मंगलताईंची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी सुईला हात लावायचा नाही असं बजावलं, आणि मुलाने साइट बंद करून टाकली. पलंगावर अर्धवट फॉल लावलेली एक साडी तशीच पडली होती. काकूंनी काही न विचारता ती मांडीवर ओढली आणि सुईत दोरा ओवला. मग दोघींचं जे सुरू झालं, ते लग्नाच्या सकाळी साडी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांपासून रंग जाणाऱ्या फॉलपर्यंत. मी बसून लाडू खाल्ले. साडी पूर्ण झाली तेव्हाच आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर काकू मागून हळूच म्हणाल्या, "माझ्या घरात मी दुसऱ्या कुणाशी बोलणार होते रे? ती होती म्हणून सकाळी उठावंसं वाटायचं."

घरी पोचताच त्यांनी मला साइट उघडायला बसवलं. आता गिऱ्हाइकांचे फोन मंगलताई घेणार, काम काकू करणार, आणि साइटवर नाव दोघींचं. मी 'शालन-मंगल' असं लिहिलं. काकूंनी ते खोडायला लावलं.

"तिचं आधी घाल."

"काकू, साइट तुमची आहे."

"असू दे. ती पुढे असली की मला बरं वाटतं."