आक्कांच्या गुडघ्यासाठी मोटार

माणिकराव औसेकरांनी एका वर्षात एकोणीस जुन्या मोटारी पाहिल्या आणि त्यांतल्या एकीचंही बॉनेट उघडलं नाही. गाडी किती पळाली, किती पेट्रोल पिते, इंजिनाचं काम कधी केलं होतं, असले प्रश्न त्यांना पडतच नसत. ते सरळ गाडीच्या डाव्या बाजूला जात, मागचं दार उघडत, पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढत आणि जमिनीपासून गाडीच्या उंबऱ्याची उंची मोजत. त्यांच्या लेखी मोटार म्हणजे एक मागचं दार, आणि बाकीचं सगळं ते दार गावभर फिरवण्याची सोय.

हे मला ठाऊक आहे, कारण त्या एकोणीसही मोटारी मी त्यांच्याबरोबर पाहिल्या. त्यांना मोटार चालवता येत नव्हती. मला येत होती, आणि बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होतो. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हैदराबादेत आलेल्या एकट्या मुलाला रविवारी काय काम असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ते खरंच होतं, म्हणून जास्त राग यायचा.

माणिकराव पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. घराणं औशाकडचं, पण दोन पिढ्या हैदराबादेत गेल्यामुळे भाषा मराठी आणि अदब सगळी उर्दूची. मी चोवीस वर्षांचा, तरी पहिल्या दिवसापासून ते मला 'श्रीकांतराव' म्हणत. आमच्या घरात माझ्या वडिलांनाही कधी कुणी राव म्हटलं नव्हतं. सामान वर नेताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"श्रीकांतराव, ही सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच वर आहे. तिच्यापाशी जरा अदबीनं."

जिन्याचं मापासकट काढलेलं चित्र माझ्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलंही होतं. मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी मी सातव्या पायरीवर सपशेल आडवा झालो. खालून शांत आवाज आला, "सातवी ना?"

घरातलं कॅलेंडर ते ओळंबा लावून टांगत. चहाचा कप टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत असायला हवा; तीन बोटांवर असला तर बोलता बोलता पुढे सरकवत. आणि कोणतीही गोष्ट घ्यायची असो, त्यांचा एकच मंत्र, "आधी बसून बघू." खुर्चीच्या बाबतीत हे ठीक आहे. केबलवाला जोडणी द्यायला आला, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं आणि शेजाऱ्यांच्या घरी सलग तीन संध्याकाळी टीव्हीसमोर बसून पाहिलं. चौथ्या दिवशी केबलवाल्याला म्हणाले, "नक्को मियाँ. बसवत नाही."

त्या दिवसांत बाजार नुकताच खुला झाला होता आणि शहरात रोज काहीतरी नवीन येत होतं. बँका मोटारींसाठी कर्ज घ्या म्हणून मागे लागत होत्या. ज्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावून छोटी गाडी मिळवली होती, ते आता ती विकून लांबलचक नवी गाडी घेत होते. रविवारच्या पेपरात जुन्या गाड्यांच्या जाहिराती वधू-वरांच्या जाहिरातींपेक्षा जास्त दिसू लागल्या होत्या. माणिकराव त्या जाहिरातींवर पेन्सिलीनं खुणा करत आणि नऊच्या ठोक्याला खालून हाक मारत.

गाडी हवी होती ती आक्कांसाठी. आक्का म्हणजे माणिकरावांच्या थोरल्या बहीण. वय बहात्तर, मुला-सुनेबरोबर गौलीगुड्यातल्या एका बोळात राहत. आई लवकर गेल्यामुळे माणिकरावांना त्यांनीच वाढवलेलं. तीन वर्षांपूर्वी माणिकरावांच्या पत्नी वारल्या आणि त्याच सुमारास आक्कांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. ऑटोत चढवेना, आणि नऊवारी नेसून मुलाच्या स्कूटरवर बसणं तर शक्यच नव्हतं. तेव्हापासून त्या बरकतपुऱ्याला आल्याच नव्हत्या. माणिकराव मात्र रोज संध्याकाळी साडेपाचच्या बसनं त्यांच्याकडे जात आणि जेवून परत येत.

"रोज भेट होतेच की काका," मी एकदा म्हणालो. "मग गाडी कशाला?"

"भेट होते ती तिच्या घरी, श्रीकांतराव. तिचं माहेर इथं आहे. तीन मैलांवर." त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. "तीन वर्षं झाली, बंद पडलंय."

एवढं बोलून ते कॅलेंडर सरळ करायला लागले. ते सरळच होतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यानंतर रविवारी नाही म्हणायचा धीर मला कधी झाला नाही.

तर उंबऱ्याची उंची मोजून झाली की दुसरी परीक्षा. पिशवीतून दोन लाकडी पट्ट्या आणि जुन्या धोतराचा तुकडा निघे. पट्ट्या उजव्या गुडघ्याच्या दोन्ही अंगांना ठेवून माणिकराव करकचून बांधत, म्हणजे गुडघा वळू नये. मग एक हात दारावर, एक माझ्या खांद्यावर. आधी पाठ आत, मग बैठक, मग तो ताठ पाय हातानं उचलून. आक्का कशा बसतील आणि कशा उतरतील, त्याची ही तालीम. चालसुद्धा आक्कांचीच. संध्याकाळी गौलीगुड्याला बसून ते ती नीट पाहून येत आणि सकाळी अंगणात गिरवत. बासष्ट वर्षांचा पायजम्यातला गृहस्थ नसलेलं नऊवारी लुगडं सावरत पारिजातकाला फेऱ्या घालतोय, हे दृश्य वरून पाहत मी दात घासत असे.

गाडी विकणाऱ्यांना यातलं काही सांगायची पद्धत नव्हती. तारनाक्याला एका निवृत्त प्राध्यापकांची गाडी पाहायला गेलो होतो. पायाला पट्ट्या बांधलेले माणिकराव गाडीतून कण्हत उतरताना प्राध्यापकांच्या पत्नीनं पाहिले. "अय्यो पापम्!" असं तेलुगूत हळहळत त्या आत धावल्या आणि स्टूल, फिल्टर कॉफी आणि वेदनाशामक मलमाची बाटली घेऊन आल्या. मोडलेल्या पायानं कशाला फिरता, मुलाला नाही का पाठवायचं, म्हणून मलाच चार शब्द सुनावले. माणिकराव पडले अदबीचे. बाईमाणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. त्यांनी कॉफी पूर्ण घेतली, कप चार बोटं आत ठेवला, शुक्रिया म्हटलं, पट्ट्या सोडून पिशवीत घातल्या आणि तरातरा फाटकाबाहेर चालते झाले. त्या बाई मलमाची बाटली हातात धरून माझ्याकडे पाहत राहिल्या.

चौदाव्या गाडीला मात्र आमचं वाजलं. एका डॉक्टरांची गाडी होती, एकाच हाती वापरलेली. इंजिन असं, की चालू आहे की बंद ते कळू नये. मी तर प्रेमातच पडलो. माणिकराव बसले, उतरले आणि मान हलवली.

"दार कमी उघडतंय. पाय बाहेर घेताना टाच अडकायलीय."

"काका, टाचेचं काय घेऊन बसलात! इंजिन बघा ना!"

"इंजिन तुम्ही बघा, श्रीकांतराव. टाच आक्काची आहे."

त्या दिवशी परत येईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. पुणेरी माणसाचं मौन किती बोचरं असतं, हे त्यांना माहीत नसावं. ते आपले खिडकीतून बाहेर बघत होते.

विसावी गाडी एका साडीवाल्या शेठची. मूळची पांढरी असावी. तिसरा गिअर विनवण्या केल्याशिवाय पडत नव्हता आणि हॉर्न दाबला की वायपर फिरत होते. शेठनं कित्येक वर्षं तिच्या मागच्या दारातून साड्यांचे गठ्ठे कोंबले होते. त्यात दाराला आतून अडवणारी पट्टी तुटली होती, त्यामुळे दार उघडलं की पार उलटून गाडीच्या अंगाला जाऊन टेकत होतं. शेठ ओशाळून म्हणाला, "वो दरवाजा जरा खराब है साब. कल बनवा देतूं."

"हात नक्को लगाओ!" माणिकराव ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी पट्ट्या बांधल्या, तीनदा बसले, तीनदा उतरले. टाच कुठंही अडकली नाही. चौथ्यांदा बसले ते उतरेचनात. मागच्या सीटवर हात फिरवत नुसते बसून राहिले, आणि मी समजलो, आता ही वायपरवाली बया माझ्याच नशिबी येणार.

पुढच्या रविवारी आम्ही गौलीगुड्याला गेलो. गाडी बोळात शिरणार नव्हती, म्हणून बोळाच्या तोंडाशी कुठं उभी करायची, मी कुठं उभं राहायचं, आक्कांनी कुठून यायचं, याचा नकाशा माणिकरावांनी आदल्या दिवशीच काढला होता. मी बाण काढलेल्या जागी उभा राहिलो. मुलाच्या खांद्यावर हात टाकून पाय ओढत आक्का आल्या. पूर्ण उघडलेलं दार त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढं दार कशाला रे माणिक? म्हैस आणायलास का?"

पण बसल्या. आधी पाठ, मग बैठक, मग पाय. सगळं चित्रातल्यासारखं झालं. माणिकरावांनी दार लावलं आणि एकदा उगाचच पुसलं.

बरकतपुऱ्याला पोचल्यावर ते आक्कांना उतरायला चौरंग आणतो म्हणून घाईनं आत गेले. मी आणि आक्का दोघंच गाडीपाशी. कुंपणाच्या आत सीताफळाचं झाड होतं.

"वहिनीनं लावलेलं आहे हे," आक्का म्हणाल्या, "फळांनी डोळे उघडलेत बघ." आणि मी दार धरायच्या आत त्या खाली उतरल्या. कुणाला न धरता, दोन्ही पायांवर सरळ. कुंपणापाशी गेल्या, चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि एक फळ खुडून घेतलं. मग त्यांना मी दिसलो.

"बघायलास काय? दुखतो गुडघा. खोटं नाही." त्या परत येऊन गाडीत बसल्या. "पण एवढा नाही दुखत."

मी दार धरून उभा राहिलो.

"वहिनी गेल्यावर हा घराबाहेर निघंना. दूध न् पाव खाऊन राहायला. ये म्हटलं तर म्हणायचा, तूच ये, तुझं माहेर आहे. मी आले असते तर हा इथंच बसला असता, अंधारात. मग मी पायच धरून बसले. आता माझ्यासाठी म्हणून तर येईल, म्हटलं. आला. रोज गरम भाकरी जाते पोटात." फळ त्यांनी ओच्यात ठेवलं. "त्याला सांगू नको बाळा."

नाही सांगणार, असं मी म्हणतोय तेवढ्यात माणिकराव चौरंग घेऊन आले. आक्कांनी कण्हत पाय बाहेर काढला आणि त्यांच्या खांद्यावर सगळा भार टाकला.

घरात गेल्यावर त्या आधी स्वयंपाकघरात गेल्या आणि वहिनींच्या मांडणीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. डबे लख्ख होते. माहेरवाशिणीनं काम करायचं नाही म्हणून माणिकरावांनी स्वतः स्वयंपाक केला होता. वरण लागलेलं आणि भाताचा गोळा झालेला. आक्कांनी दोनदा मागून घेतला. तीन वर्षांनी त्या भावाच्या घरी जेवत होत्या आणि माणिकराव समोर पंख्यानं वारा घालत बसले होते, वर विजेचा पंखा चालू असताना. मीही भात पुन्हा मागून घेतला. चव हे त्याचं कारण नव्हतं.

दिवेलागणीच्या आत आक्कांना पोचवून आम्ही परत निघालो. माणिकराव माझ्या शेजारी पुढं बसले होते.

"आज तिनं डावा पाय ओढला," ते म्हणाले. "काल उजवा होता."

मी तिसऱ्या गिअरच्या विनवण्या करत होतो.

"वर्षभर तिची चाल गिरवायलोय, श्रीकांतराव. चित्र काढणाऱ्याला कळतं, रेघ कुठं खरी आहे न् कुठं नुसती ओढलीय."

"कधी कळलं?"

"सात-आठ गाड्या झाल्या असतील."

"आणि तरी पुढच्या बारा गाड्या पट्ट्या बांधून पाहिल्यात?" मी जवळजवळ ओरडलोच. "सरळ थांबायचं ना!"

"थांबलो असतो तर तिला कळलं असतं, की मला कळलंय. मग रोज कोणत्या निमित्तानं गेलो असतो?" ते समोर बघत म्हणाले. "ही गेल्यावर मला घरात संध्याकाळ काढवत नव्हती. आक्कानं ते ओळखलं आणि आपले चालते पाय काढून मला दिले. माहेर सोडलं त्यापायी. जायला मला तिचा गुडघा होता, श्रीकांतराव. तिला यायला काहीतरी नको?"

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"तिला सांगू नका," ते म्हणाले.

मी मान डोलावली. एका दिवसात तोच शब्द मी दुसऱ्यांदा देत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून परतत होतो, तेव्हा माणिकराव फाटकाची कडी लावून बस गाठायला निघाले होते. मला पाहून थांबले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "आक्काला चालणं होत नाही. मलाच जायला पाहिजे."

"जायलाच पाहिजे, काका," मी म्हणालो.