स्विचाचे घड्याळ सर केल्याची हकीकत

हुजूरचे फर्मान जाहले की घड्याळाच्या मोहिमेचे वर्तमान खरे खरे लिहिणे, म्हणोन लिहितो. अंतर पडल्यास कसूर घड्याळाची, कलमाची नव्हे.

कचेरीच्या अडगळीच्या खोलीत स्विच नामे पेटी, आणि शेजारी जमाखर्चाचा मोठा संगणक, तैनात असे, आणि साऱ्या संगणकांच्या तारा तिजपाशी रुजू असत. सकाळी हिशेबाच्या बाईंनी त्या मोठ्या संगणकास काम लावावे आणि जेवून परतावे तो काम मेलेले, ऐसा बखेडा रोजचा. पेटीच्या नोंदीत तार तुटल्याची, म्हणजे तो संगणक बंद पडल्याची, वेळ दहाची, आणि दहास त्या खोलीत फेरीस जाई तो एकटा नेटवर्कवाला. दहास कोणाचे काम अडले होते काय, हे पुसण्याची तसदी कोणी घेतली नाही. बडे साहेब खवळले आणि हुकूम सुटला की शुक्रवारपावेतो बेगुनाही शाबीत करणे, नाहीतर नारळ. नेटवर्कवाल्याच्या घरी सासरेबुवांची मर्जी आधीच खफा. 'जावईबापू'वरून ते नुसत्या 'अहो'वर उतरले होते.

मग नेटवर्कवाला पेटीसमोर ठाण मांडून बसला, आणि पोटात कावळे कोकलू लागले तरी पेटी म्हणे सकाळचे दहा. घड्याळ तीन तास मागे. साहेबांस अर्ज केला, तो जबाब आला की पोट हा पुरावा नव्हे. मग पेटीस आज्ञा केली की वेळ मोठ्या संगणकास पुसून लावणे; तरी दहाच. शोध करिता कळले की मोठा संगणक वेळ पेटीस पुसतो, आणि ही तजवीज गतसाली खासा नेटवर्कवाल्यानेच केलेली. दोघे एकमेकांस विचारून निर्धास्त! मग कपाळ बडवून त्याने बाहेरच्या भरवशाच्या वेळेशी पेटीचे सूत जुळविले, आणि घड्याळ सर जाहले.

शुक्रवारी नोंद उमटली: तार तुटली, दुपारी एक. नेटवर्कवाला आणि हिशेबाच्या बाई तैसेच धावले, आणि अडगळीच्या खोलीचे दार लोटून पाहतात तो मोठ्या संगणकाचा प्लग जमिनीवर, त्याच्या जागी ओव्हन घुमतो आहे, आणि बडे साहेब हाती चमचा घेऊन आपला डबा गरम होण्याची वाट पाहत उभे. साहेबांनी एकवार ओव्हनाकडे, एकवार पेटीकडे पाहिले, आणि बोलले ते जैसेच्या तैसे दाखल करितो:

"एवढी अचूक वेळ तुम्हाला मागितली कोणी होती?"

मग चौकशी बसली, साहेबच अध्यक्ष, आणि कसूर भिंतीतल्या सॉकेटाची ठरली. शुक्रवारी कोणास तरी काढणे हा हुकूम होताच, सबब सॉकेट उखडून बडतर्फ केले. नेटवर्कवाल्याची नोकरी बहाल राहिली, सासरेबुवा 'जावईबापू'वर परतले, आणि ऐसी फत्ते जाहली ती, वेळ पेटीस पुसून, येथे नमूद केली.