हातचा एक

पंधराव्या पाठाच्या दिवशी सकाळी पाठाच्या बाई चालता चालता पाठ घोकत होत्या, आणि ते काही नवं नव्हतं. आधीचे चौदा पाठ त्यांनी असेच घोकून घेतले होते.

त्या काळी शिक्षिका व्हायचं तर गावातल्या शाळांमधून असे पंधरा पाठ घेऊन दाखवावे लागत. शिकाऊ बाईंना नाव असलं, तरी मुलांना त्याच्याशी कर्तव्य नसे. सगळ्या ‘पाठाच्या बाई’. वर्गात मागे तपासनीस बाई बसत, आणि पाठ संपला की पाठाच्या वहीत तांबड्या शाईने शेरा लिहीत. आपल्या पाठाच्या बाईंना दोन शेरे तोंडपाठ होते. ‘आवाज विहिरीतून आल्यासारखा. अमान्य.’ आणि ‘पाठ मुलांसाठी असतो, मुलांकडे नव्हे. फळ्याकडे तोंड करून सबंध तास. अमान्य.’ दोन अमान्य चालत. तिसरा आला की वर्ष गेलं.

घरी तर वर्षाच्या पुढचंही ठरून गेलं होतं. दादा भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाला होता, “पुन्हा वर्षभर बसणं नाही. आत्या अंथरुणाला खिळलीय, तिला माणूस हवंय. पाठ झाला नाही तर तू तिकडे जा.”

“किती दिवस?” तिने विचारलं होतं.

“आता ते काय माझ्या हातात आहे?” दादा म्हणाला. आत्याची प्रकृती खिळलेली असली तरी खणखणीत होती. तीन बायका तिची सेवा सोडून रडत घरी गेल्या होत्या.

पंधरावा पाठ होता दुसरीच्या वर्गावर, विषय हातच्याची बेरीज. वर्गाची खोली उत्तरेची. तिथे उन्हाळ्यातही ऊन यायचं नाही. भिंतींना कमरेपर्यंत ओल चढलेली आणि फळा इतका झिजलेला की खडू त्यावर उमटण्याऐवजी घसरायचा. मागच्या बाकावर एका टोकाला तपासनीस बाई बसल्या होत्या, आणि दुसऱ्या टोकाला दुसरीच्या मूळच्या बाई लोकर विणत बसल्या होत्या. पाठ कुणाचाही असो, त्या तो तास विणत. त्यांनी एकाही पाठावर कधी मत दिलं नव्हतं.

टाचण पाठाच्या बाईंनी रात्र रात्र जागून पाठ केलं होतं. त्यात डावीकडे शिक्षिकेचे प्रश्न आणि उजवीकडे मुलांची ‘अपेक्षित उत्तरे’ असत. अडचण एवढीच होती की उजवा रकाना मुलांना कुणी दाखवलेला नसे.

तिने फळ्यावर अठ्ठावीस अधिक पंधरा मांडलं.

“आठ आणि पाच किती?”

“तेरा!” वर्ग ओरडला. टाचणात हेच होतं. तिला जरा बरं वाटलं.

“तेरातले तीन इथे मांडले. आणि हातचा आला...?”

“एक!”

आता टाचणाप्रमाणे तिने विचारायचं होतं, ‘हा एक कोणत्या घरात मिळवायचा?’ आणि मुलांनी म्हणायचं होतं, ‘दशकाच्या’. पण तेवढ्यात पहिल्या बाकावरून एक बारीक आवाज आला.

“बाई, हातचा कुठे ठेवायचा?”

विचारणारी वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत. हा प्रश्न टाचणात डावीकडे नव्हता, उजवीकडेही नव्हता. पाठाच्या बाईंनी मागे पाहिलं. तपासनीस बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. पाठाच्या बाई तोंडाला येईल ते बोलून गेल्या.

“हातात. हातचा आहे ना? मग हातात ठेवायचा. घट्ट. मिटा बघू सगळ्यांनी मुठी! मी मागेपर्यंत सोडायचा नाही हं. सुटला की गणित चुकलं.”

चाळीस मुठी मिटल्या. वर्ग एकदम गप्प झाला. इतकी शांतता तिने चौदा पाठांत ऐकली नव्हती. तपासनीस बाईंची मानसुद्धा किंचित हलली. तिला इतकं बरं वाटलं की मुठीचं महत्त्व ती आणखी सांगत बसली, आणि घंटा झाली.

दशकाचं घर तसंच रिकामं राहिलं. मुलं दाराकडे धावली.

“बेरीज अर्धी राहिली,” तपासनीस बाई उठत म्हणाल्या. “उद्या याच तासाला पूर्ण करा. शेरा उद्या लिहीन.”

दुसऱ्या दिवशी पाठाच्या बाई शाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा शिपाईमावशी त्यांची वाटच बघत होत्या.

“कुठं होता हो तुम्ही? मोठे सर बोलावतायत. लवकर जा. ती बाई कुणाचं ऐकायची नाही.”

“कोण बाई?”

“जा तर आधी.”

मोठ्या सरांच्या खोलीत मुंगी खुर्चीवर बसली होती. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते. उजवी मूठ छातीशी घट्ट मिटलेली. शेजारी तिची आई उभी होती, आणि मोठे सर टेबलाच्या पलीकडे, जमेल तितके पलीकडे.

“ह्याच का त्या?” आईने विचारलं. “काल माझी पोरगी शाळेत आली ती धड हाताची आली होती! परत आली ती अशी. मूठ उघडायला तयार नाही. डाव्या हाताने जेवली, डाव्या हाताने तोंड धुतलं. झोपेत तरी सुटेल म्हणून मी बसून राहिले, तर झोपेतसुद्धा मिटलेली!”

“डॉक्टरांना दाखवलं का?” मोठ्या सरांनी विचारलं.

“दाखवलं. म्हणाले शिरा आखडल्यात. इंजेक्शन दिलं.”

“मग?”

“दुसऱ्या हातात दिलं. हा हात ती देईचना.”

मुंगीने कबुलीदाखल डावा दंड चोळला.

“आणि विचारलं की काय आहे ग मुठीत,” आई पुढे म्हणाली, “तर म्हणते, पाठाच्या बाईंचं आहे. अग पण काय आहे? तर म्हणते, एक. एक काय? तर म्हणते, एक!”

 पाठाच्या बाईंना सगळं कळलं होतं, आणि कळलेलं सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाने आत्याकडचं तिकीट मागण्यासारखं होतं.

“बाई,” मोठे सर घसा साफ करत म्हणाले, “तुम्ही या मुलीला काही दिलंत का?”

“हो,” त्या पुटपुटल्या.

“काय?”

“हातचा.”

“कुणाच्या हातचा?” आई पुढे सरसावली. “काय खायला घातलंत हिला?”

“नाही हो, खायचा नाही. माझ्या... म्हणजे तिच्याच हातचा. मीच दिला, पण...”

“बघा, बघा! सर, कबूल केलं हिनं! स्वतःच्या हातचं काहीतरी चारलं माझ्या पोरीला!”

“मोठ्याने बोला हो जरा,” मोठे सर कळवळून म्हणाले. “तुमचं काही ऐकू येत नाही, आणि ह्यांचं सगळंच येतंय.”

इतक्यात शिपाईमावशी आत आल्या.

“सर, दुसरीचा वर्ग लिहीत नाहीये.”

“म्हणजे?”

“सगळ्यांनी मुठी मिटल्यात. मुंगीला खुर्चीवर बसवलं, सरांनी लिमलेटची गोळी दिली, हे खिडकीतून बघितलं ना त्यांनी. आता म्हणतात, आमचाही हातचा आहे. पेन्शिल धरता येत नाही. पहिलीतलेसुद्धा दोघं मिटून बसलेत. त्यांना का म्हणून विचारलं तर ते त्यांनाही माहीत नाही.”

मोठ्या सरांनी डोकं धरलं. दाराशी तपासनीस बाई उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या ते कुणाला कळलं नाही. बगलेत पाठाची वही होती.

“काल हे माझ्यासमोर झालं आहे,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या. “वर्गात चला सगळे. मुलीच्या आईसुद्धा.”

दुसरीच्या वर्गात मूळच्या बाई होत्या तिथेच विणत होत्या. बाकांवर एकोणचाळीस मुठी होत्या. आई मुंगीच्या मागे उभी राहिली आणि तिच्याही नकळत तिचीसुद्धा मूठ मिटलेली होती.

पाठाच्या बाईंनी खडू घेतला. घाईत अठ्ठाविसातला आठ लोळलेला आला. पंधरा मांडले. एककाच्या घरात तीन मांडले. मग त्या वळल्या आणि वाकून मुंगीला म्हणाल्या, “दे बाळ. हातचा दे आता.”

मुंगीने मान हलवली. “तुम्हाला नाही. तिथे ठेवायचा ना?”

“हो. तिथेच.”

मुंगी फळ्याशी गेली. चवडे उंचावून तिने मूठ दशकाच्या घराशी नेली आणि एकेक बोट सुटं केलं. बोटं पांढरीफटक पडली होती. तळव्यावर नखांच्या चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या.

आईने झडप घालून तळवा धरला, उलटा केला, सुलटा केला.

“ह्यात तर काहीच नाही!”

“आत्ताच ठेवला की मी तिथे,” मुंगी म्हणाली. आईच्या नजरेचा तिला राग आला होता. “दोन आणि एक तीन, आणि हा एक, चार. त्रेचाळीस.”

आई मटकन बाकावर बसली. “मी पाच मिनिटं गप्प बस म्हटलं तर बसत नाही ही कार्टी,” ती म्हणाली. रागावून म्हणाली की रडून, ते तिचं तिलाच ठरवता येईना.

पाठाच्या बाई फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. तपासनीस बाई कायद्याने चालत. “एका गणिताने पाठ सिद्ध होत नाही,” त्या म्हणाल्या. “नवं उदाहरण द्या. सदतीस अधिक सव्वीस. सगळ्यांनी सोडवा.”

मुंगीने पाटी घेतली. सात आणि सहा तेरा, तीन मांडले, आणि ती थांबली. मग तिने पाठाच्या बाईंपुढे तळवा पसरला.

“द्या.”

“काय?”

“हातचा. माझ्याकडे होता तो तिथे दिला ना.”

“देऊ नका हो!” आई ओरडली. “पुन्हा नको, पाया पडते!”

“लगेच परत मांडीन,” मुंगीने आईला समजावलं. “कालचं गणित मोठं होतं, म्हणून सगळी रात्र लागली.”

पाठाच्या बाईंनी तिच्या तळव्यावर काहीही नसलेलं बोट टेकवलं. मुंगीने मूठ मिटली, पाटीवर उघडली आणि त्रेसष्ट लिहिले.

मुठी सोडून बाकीचेही लिहू लागले, आणि तपासनीस बाई बाकांमधून फिरल्या. त्रेपन्न. त्रेपन्न. त्रेपन्न. एका पाटीवर त्रेपन्न आणि शेजारी एक बोकड. एकोणचाळीस मुठी होत्या, पण त्यांतला हातचा काल घंटेबरोबरच फाटकात सांडला होता. तपासनीस बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि लिहू लागल्या. लिहिताना त्यांना मोठ्याने उच्चारायची सवय होती.

“चाळीसपैकी एक. शेकडा अडीच. अमान्य.”

शब्द पाठाच्या बाईंच्या कानात शिरला आणि बसला. पुढे त्यांना फक्त लोकरीच्या सुया ऐकू येत होत्या. मग त्याही थांबल्या.

“अडीच?” दुसरीच्या बाई म्हणाल्या. मुलांनीसुद्धा वळून पाहिलं, कारण परक्या पाठात त्या बोलतात हे कुणाला माहीत नव्हतं. “बाई, मी एकतीस वर्षं हातचा शिकवतेय. शेवटी सगळ्यांना येतो. तिसरीत जाईपर्यंत बोटं मोजून, मार खाऊन येतो. पण शाळेतलं घरी नेऊन, इंजेक्शन खाऊन, सकाळी परत आणून दिलेलं पोर मी आजवर पाहिलं नाही. एकसुद्धा नाही.” त्यांनी सुटलेला टाका उचलला. “तुम्ही पाहिलंत?”

 तपासनीस बाईही कधीकाळी दुसरीवर होत्या. ओल चढलेल्या भिंतीकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या, वर्षं मागे मोजत असल्यासारख्या.  मग त्यांनी वही पुन्हा उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि ‘अमान्य’मधला ‘अ’ खोडला. एकच रेघ मारली, आडवी.

“आवाजाचं बघा,” वही देताना त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

घरी दादाने वही उजेडाकडे धरून तिरकी, उलटी पाहिली. त्याचा जन्म कचेरीत गेला होता.

“हा अ कुणी खोडला?”

“तपासनीस बाईंनी.”

“खाडाखोडीवर सही कुठाय? सहीशिवाय ह्याला काय अर्थ आहे? कुणीही खोडेल. तूसुद्धा खोडशील.”

“मी नाही खोडला.”

“आणि मी तर आत्याला सकाळीच पत्र टाकलं,” दादा म्हणाला. “ही परवा निघते म्हणून.”

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, “मी म्हणत होते, एक दिवस थांबा.”

“मग आणखी एक टाक,” पाठाच्या बाई म्हणाल्या.

दादाने दचकून वर पाहिलं. वहिनीही दारात आली. एवढ्या मोठ्याने त्या घरात पाठाच्या बाई पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

“आणि सहीचं काय?” दादाने विचारलं.

“उद्या आणते,” त्यांनी वही घेतली. “शाळेतून येताना.”