बबनतात्यांची तूट

आमचे शेजारी बबनतात्या दर रविवारी मूठभर तांदूळ फडक्यात बांधून डोंगर चढतात. खांद्याला स्प्रिंगचा वजनकाटा.

दोष माझाच. शाळेत मी शिकवत होतो, "उंच जावं तशी पृथ्वीची ओढ कमी होते." तात्या खिडकीखाली चुकलेली शेळी धरायला आले होते. एवढंच त्यांच्या कानावर पडलं. पुढचं ऐकायला शेळी थांबली नाही.

तात्यांची मंगल वरच्या वाडीत दिलेली. तिला ते महिन्याला पाच किलो आंबेमोहोर धाडतात. आता त्यांना घोर लागला. "मास्तर, हितं पाच किलो भरल्याला तांदूळ वर कमी भरनार. सासरची म्हनतील, बापानं काटा मारला! तूट म्हंजे तूट."

तेव्हापासून तूट भरणं सुरू. परवा उतरताना घसरले, गुडघा सुजला. मग मी त्यांना बसवलंच आणि मातीत मोठ्ठं वर्तुळ काढलं.

"तात्या, ओढ मोजायची ती पृथ्वीच्या मध्यापासून. तिथून तुमचं अंगण सहा हजार चारशे किलोमीटर. आपला डोंगर अर्धा. मग वर काय नि खाली काय, ओढ जवळजवळ सारखीच! पाच किलोला फरक पाऊण ग्रॅम. तोही काट्यावर. तांदूळ आहे तेवढाच."

"अर्धा?" तात्या भडकले. "चढून बगा एकदा, मग सांगा अर्धा का पुरा!"

मग काट्याचा आकडा उगाच ओढून सोडत राहिले.

"म्हंजे तूट न्हाईच?"

"नाहीच म्हणा."

"मग मी वर कशाला जायाचं? कामाबिगर बापानं सारकं लेकीच्या दारात जावं, बरं दिसतं व्हय? तिची आय गेल्यापासनं पोरीची लई आटवन येती वो."

मला माझीच लाज वाटली. कुठं माझं ते वर्तुळ आणि कुठं हे!

"तात्या," मी म्हणालो, "पाऊण ग्रॅम म्हणजे पन्नासेक दाणे होतात हं."

तात्यांनी मान वर केली. "तूट म्हंजे तूट, मास्तर."

रविवारी ओट्यावर बसून त्यांनी चष्म्यातून पन्नास दाणे मोजले. पंचवीस फडक्यात बांधले, पंचवीस डबीत ठेवले.

"हे कशाला ठेवले?"

"ते बुधवारी नेतो," तात्या काठी टेकत उठले. "गुडघा दुकतोय. एकदम येवढं वजन झेपायचं न्हाई."